चौथं भोक

४ मार्च २०१९, महाशिवरात्र

आज उपवास आणि कामाचा राग दोन्ही डोक्यात चढले. आई म्हणाली, देवाच्या दिवशी तरी तो कॉम्प्युटर बंद ठेव. मी म्हटलं, महादेवाने विष गळ्यातच अडवलं होतं, मला बाईचा हात मशीनच्या तोंडाशी अडवायचाय, तोच समजेल मला. तिने साबुदाण्याची ताटली टेबलावर आपटली आणि गेली.

झालं असं. परवा आष्टीकडच्या जनावरांच्या छावणीवर आमच्या संस्थेने बनवलेल्या कडबाकुट्टीत, म्हणजे चारा कापायच्या मशीनमध्ये, छबुबाई नावाच्या बाईचा हात जाता जाता राहिला. बांगड्या रोलरमध्ये गेल्या आणि फुटल्या, मनगट सोलून निघालं. यंदा कडबा आहे कुठे? छावणीत जनावरं उसावर जगताहेत. कडब्याची पेंढी टोक लावलं की आपसूक आत ओढली जाते. उसाचं कांडं अडतं. मग बाई हाताने ढकलते, आणि ढकलता ढकलता तिचा हात रोलरपर्यंत जातो. हे मशीन मी कडबा डोळ्यांपुढे ठेवून काढलं होतं. दुष्काळात कोणी कुट्टीत ऊस घालेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं, याची आज खरोखर लाज वाटली.

उपाय सोपा आहे. चारा ज्यातून आत सरकवायचा तो पत्र्याचा ट्रे दोन विती लांब करायचा आणि वरून झाकायचा. मग कितीही वाकलं तरी बोटं रोलरला पोचत नाहीत. कॉम्प्युटरवर एवढं काम चहा निवायच्या आत होतं. पण हे मॉडेल रिलीज झालेलं आहे, म्हणजे त्याच्या प्रिंटवरून तीन गावांत पत्रा कापला जातोय. रिलीज झालेलं मॉडेल म्हणजे लग्न झालेली मुलगी, माहेरच्यांनी परस्पर काही ठरवायचं नाही, असं पुण्याच्या कंपनीतले आमचे साहेब म्हणायचे. दाखला मला कधीच आवडला नाही, नियम मात्र पटला.

आणि आमची संस्था तर नियमाशिवाय एक दिवस चालायची नाही. सांगाडा नेकनूरला राधाकिशन करतात. पाती आणि चाक इथे वडवणीत होतं. ट्रे आष्टीला धुळाजीमामा करतात आणि तोच सगळ्यात शेवटी, थेट छावणीवर बसतो. तिघांची तोंडं तीन दिशांना. त्यांना एकत्र बांधतं ते माझं ड्रॉइंग.

म्हणून रीतसर केलं. ट्रेची बोल्टची चारही भोकं जागच्या जागी ठेवली, म्हणजे राधाकिशनच्या सांगाड्याला हात लावायची गरज नाही. नवा ट्रे जुन्या जागी बसतो, मग बदल किरकोळ. भागाचा नंबर तोच, फक्त आवृत्ती बदलली, रिव्हिजन एकची रिव्हिजन दोन. कुणाला तोशीस नाही. स्वतःवर खूश होऊन साबुदाणा संपवला.

७ मार्च

ड्रॉइंग धुळाजीमामांना फोनवर पाठवलं, वर एसटीच्या पार्सलने कागदही पाठवला. मग फोन केला. म्हणाले, "बरं ताई. करतो." बस, एवढंच.

मला हे आवडलं. सप्टेंबरमध्ये ट्रेचे कोपरे गोल केले होते तेव्हा त्यांच्या सुनेने, मनकर्णाने, फोन करकरून जीव खाल्ला होता. हा आकडा कुठून मोजायचा, ही तुटक रेघ कशाची. पण दोन दिवसांत पोरीने बिनचूक नवा फर्मा कापून घेतला होता, हेही खरं. फर्मा म्हणजे पत्र्याचा नमुना. तो पत्र्यावर ठेवायचा, भोवती रेघ मारायची आणि कापायचं. दिवाळीनंतर मनकर्णा नवऱ्याबरोबर ऊसतोडीच्या टोळीत गेली, थेट कर्नाटकाच्या हद्दीवर. तेव्हापासून आष्टीहून एक प्रश्न येत नाही. कामं शांततेत होताहेत.

१२ मार्च

धुळाजीमामांचा निरोप आला की पंधराही मशीनचे ट्रे बदलून झाले. आमचे चेअरमन सुंदरराव एवढे खूश की छावणीवर फोटो काढायला निघाले होते. मी म्हटलं, साहेब, आधी मी बघून येते. ते म्हणाले, "तू बघायला गेलीस की काहीतरी निघतंच बघ." अप्पांच्या हार्डवेअरच्या दुकानात चार माणसांपुढे म्हणाले. अप्पा गालात हसत होते. स्वतःच्या मुलीची टिंगल इतक्या मजेत ऐकणारा बाप तालुक्यात दुसरा नसेल.

१६ मार्च

सुंदररावांचं खरं झालं. ते मला सगळ्यात जास्त झोंबलं.

वडवणी ते बीड, बीड ते आष्टी, पुढे जीप. छावणीत पाचटाची खोपटी, दावणीला गुरं, आणि टँकरजवळ हंड्यांची रांग. पहिल्याच मशीनवर छबुबाई होती, मनगटाला चिंधी बांधलेली. ट्रे कोरा करकरीत आणि आखूड. मी टेप लावला. जुनंच माप. दुसऱ्या मशीनवर तेच, तिसऱ्यावर तेच. पंधराच्या पंधरा ट्रे नव्या पत्र्याचे आणि जुन्या मापाचे. सगळे कसे माझ्या चार भोकांवर चपखल बसलेले.

मी छबुबाईंना म्हटलं, निदान ढकलायला दांडकं तरी घ्या.

"दांडकं हाय की," त्या म्हणाल्या. "पर म्हशी हंबारतात, मागं बाया रांगंत. घाईत हातच जातोय, बाई. हाताला कुठं कळतंय?"

तशीच तणतणत धुळाजीमामांच्या शेडवर गेले. भिंतीवर जुना फर्मा टांगलेला, त्याला खंडेनवमीचं हळदकुंकू, वर वाळलेल्या झेंडूची माळ. मी विचारलं, मामा, नवं ड्रॉइंग कुठंय?

"ते काय, म्होरंच लावलंय की."

लावलं होतं खरं. खिळ्याला, उलटं. म्हणजे खाली डोकं वर पाय. मी सरळ करून लावलं आणि विचारलं, मग जुन्या फर्म्यावर का कापलंत?

"पूजेचा फर्मा हाय ताई त्यो. नवमीला पुजलेलं हत्यार मोडीत कसं घालायचं? पान्यात सोडावं म्हनलं, तर पानी कुठंय सोडायला?"

बोलताना माझ्याकडे बघेनात. माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी बघत होते, अंगठा पत्र्याच्या कडेवरून फिरत होता. मला चहा दिला तो निम्मा बशीबाहेर. रागाच्या भरात ओतला असणार. वयाने मोठे आहेत म्हणून तोंड आवरलं, नाहीतर त्या माळेसकट फर्मा उचलून आणला असता. माणसाचा हात मोठा की पत्र्याची पूजा मोठी?

परतीच्या गाडीत रडू आलं. शेजारच्या बाईने विचारलं, कुणी वारलं का? मी नाही म्हटलं, मग तिने पेरू दिला.

१८ मार्च

राधाकिशनना फोनवर सांगितलं. ते तयारच होते. "मी कवाचा म्हनतोय, ट्रे बी नेकनूरलाच करू. आष्टीचं काम काढून घ्या. म्हातारं हटेल हाय." सुंदररावांनी तेवीस तारखेला बैठक लावली. विषय एकच, आष्टीच्या शेडचं काम काढणे.

मी हो म्हटलं. ज्याला बदल पाळायचा नाही त्याने रिलीज झालेल्या भागाला हात लावू नये, हे माझंच वाक्य. मनाला मात्र बरं वाटत नाही. सप्टेंबरमध्ये हाच माणूस दोन दिवसांत बदल करत होता. तेव्हा खंडेनवमी व्हायची होती, म्हणून असेल.

१९ मार्च

सकाळपासून मॉडेल उघडून बसले होते. नवा ट्रे काढून जुना लावला, परत नवा लावला. दोन्ही बसतात. दहा वेळा केलं. दहाव्यांदा अंगावर काटा आला.

बसतात, हाच तर घोटाळा आहे.

किरकोळ बदलाचा पुण्याच्या साहेबांचा नियम मी अर्धाच लक्षात ठेवला. जुना भाग नव्याच्या जागी बसला आणि तेच काम केलं, तरच बदल किरकोळ. जुना ट्रे बसतो, पण तो हात अडवत नाही. त्याचं काम वेगळं. म्हणजे हा बदल किरकोळ नव्हताच. मी राधाकिशनची भोकं वाचवायला आणि माझी शाबासकी कमवायला नंबर तोच ठेवला, आणि तिन्ही गावांना सांगितलं की दोन्ही ट्रे एकच समजा. धुळाजीमामांनी तेच केलं.

आता दुरुस्ती अशी. रिव्हिजन दोन रद्द. ट्रेला नवा नंबर. आणि एक भोक मुद्दाम सरकवायचं, म्हणजे आखूड ट्रे कुणी पूजेचा आणला काय किंवा चोरीचा आणला काय, सांगाड्यावर बसूच नये. त्यासाठी पंधरा सांगाड्यांना नवं भोक पाडावं लागणार आणि जुनं वेल्ड करून बुजवावं लागणार. राधाकिशन माझ्या नावाने शंख करणार. करू देत. मी हे करून घेणार आहे, आणि बैठकीआधी कुणाला विचारणार नाहीये.

२१ मार्च, धुळवड

रंग कुणी खेळलंच नाही. पाण्याची बोंब, रंग कुठून आणणार. पोरांनी एकमेकांना कोरडा बुक्का फासला.

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन. मनकर्णा, ऊसतोडीच्या फडातून. बैठकीचं तिला कुणी सांगितलं देव जाणे.

"ताई, मामंजींना काडू नका. त्ये काम गेलं तर त्ये उठायचेच न्हाईत."

मी म्हटलं, अगं, ते ड्रॉइंगकडे बघतसुद्धा नाहीत.

ती म्हणाली, "कागद नका पाठवू ताई त्यांना. फर्मा करून पाठवा. हातात दिला की त्ये चुकत न्हाईत. टोळी सुटली की पयलं त्यांना नगरच्या दवाखान्यात न्यायचंय." काय झालंय विचारलं तर म्हणाली, "काई न्हाई, वय झालंय." आणि फोन ठेवला.

शुगर असावी. या वयात सगळ्यांनाच असते. तिचं फर्म्याचं म्हणणं मात्र मला पटलं. कागद तेलकट होतो, फाटतो, उलटा टांगला जातो. फर्मा मीच इथे कापून द्यायचा. मॉडेल बदललं की जुना फर्मा परत घ्यायचा आणि मगच नवा द्यायचा. हे पुण्यात नव्हतं. पण पुण्यात खंडेनवमीला पत्र्याची पूजाही होत नव्हती.

२३ मार्च

बैठक. धुळाजीमामा धुवट धोतर, नवा पटका घालून दाराशीच बसले. सुंदररावांनी खुर्ची पुढे घ्या म्हटलं, तर म्हणाले, "हितंच बरं हाय." हजेरीच्या वहीत त्यांनी सही न करता अंगठा दिला. सही येते त्यांना, मागच्या वर्षीच्या पानावर चांगली झोकदार आहे. रुसवा किती असावा माणसाला!

राधाकिशननी विषय मांडला. मग मी उठले. म्हटलं, माणूस काढू नका, भाग बदला. जुना ट्रे बसतो म्हणून बसवला गेला. उद्या काम नेकनूरला नेलंत आणि कोपऱ्यात एखादा आखूड ट्रे पडलेला असला, तर तिथलाही माणूस घाईत तोच लावेल. चुकीचा भाग बसायलाच नको. त्याची जबाबदारी ड्रॉइंगची, म्हणजे माझी.

"म्हंजे ट्रे त्यांनी चुकवायचा अन् उन्हात भोकं मी पाडायची?" राधाकिशन म्हणाले. "कावून?"

मी म्हटलं, हो. कारण सांगाडा तुमचा आहे आणि हात कुणाचाही असू शकतो.

राधाकिशनची बायको कुट्टीवर बसते हे मला माहीत नव्हतं, नंतर कळलं. त्यांनी मान खाली घालून पान जुळवायला घेतलं आणि म्हणाले, "बरं. पर ड्रिलला करंट तुमी द्यायचा."

सुंदररावांनी धुळाजीमामांना विचारलं, तुमचं काय म्हणणं? ते उभे राहिले. "माज्या हाताला दुसरं काम येत न्हाई," एवढंच म्हणाले आणि बसले. पाच दिवसांपूर्वी यांना मीच काढायला निघाले होते.

ठराव असा झाला: आष्टीला शेवटची संधी. एक जरी ट्रे चुकला तर शेड बंद. सुंदरराव जाताना मला हळूच म्हणाले, "म्हाताऱ्याची मान तू तुझ्या भोकात अडकवलीस बघ." गमतीने म्हणाले असतील. मला काही हसू आलं नाही.

२८ मार्च

फर्मा तयार. भोक किती सरकवायचं यावर दोन दिवस घातले. थोडंसं सरकवलं असतं तर कुणीतरी कानस मारून जुना ट्रे बसवलाच असता. आमच्याकडे कानसीपुढे काही टिकत नाही. शेवटी चौथं भोक चांगलं अंगठाभर आत घेतलं. तीन एका रांगेच्या हिशेबात आणि चौथं वाट चुकल्यासारखं. दिसायला विचित्र आहे. अप्पा म्हणाले, ही चूक झाली का? म्हटलं, नाही, ही चूक होऊ नये म्हणून आहे. ते बराच वेळ फर्मा हातात धरून बसले आणि मग गिऱ्हाइकाला दाखवत सुटले.

३० मार्च

फर्मा घेऊन आष्टीला. मी ड्रॉइंगही नेलं होतं, समजावून सांगायचं म्हणून. मामांनी कागद न बघताच बाजूला ठेवला. मला राग येणार, तेवढ्यात त्यांनी फर्मा मांडीवर घेतला आणि कडेने बोटं फिरवायला सुरुवात केली. एक भोक, दुसरं, तिसरं. चौथ्यापाशी बोट रिकाम्या पत्र्यावर गेलं, थांबलं, आत सरकलं आणि भोकात अडकलं. परत मागे गेले. परत आले. असं तीनचारदा. शेवटी चेहरा असा उजळला की मी यांच्यावर कधी चिडले होते हेच मला आठवेना.

"ह्ये कुनी काडलं?"

मी म्हटलं, मीच.

"ब्येस हाय," म्हणाले. मग उठले, भिंत चाचपत जुना फर्मा खाली घेतला, माळ काढली, नव्यावर ठेवून बघितला. तीन भोकं जुळली, चौथ्यात पेन्सिल जाईना. जुन्यापुढे नारळ फोडला, नमस्कार केला, आणि मोठ्या कात्रीत घालून स्वतःच्या हाताने दोन तुकडे केले. मी नको म्हणणार होते. ते म्हणाले, "पान्यात न्हाई तर कात्रीत. त्याचा मान त्याला दिला, आता सपलं."

नवीन फर्म्याला हळदकुंकू लावलं ते जरा कडेला लागलं, मधोमध नाही. मनात म्हटलं, पुढच्या बदलाला याचाही नारळ आणावा लागणार. माझ्या नियमात आता नारळ आला. येऊ दे.

५ एप्रिल, उद्या पाडवा

सगळं झालं. आज दिवसभर छावणीवर होते, म्हणून सविस्तर लिहिते.

राधाकिशननी सांगाड्यांना भोकं पाडून ठेवली होती. उन्हात त्यांची पाठ भाजून निघाली तरी शिव्या मोजक्याच दिल्या. धुळाजीमामांचे पंधरा ट्रे टेम्पोतून उतरले. सुंदरराव, राधाकिशन आणि छावणीचे लोक गोल करून उभे. मी टेप काढला. पहिला लावला, बरोबर. दुसरा बरोबर. मामा लांब लिंबाखाली बसले होते, आमच्याकडे मान वळवून बघतसुद्धा नव्हते, फक्त कान देऊन होते. पंधरावा झाल्यावर राधाकिशननी मुद्दाम एक काढलेला आखूड ट्रे उचलला आणि सांगाड्याला लावून बघितला. तीन बोल्ट गेले, चौथा जाईना. त्यांनी जोर केला, बाजूने ठोकला, मग ट्रे खाली टाकला आणि ओरडून सांगितलं, "न्हाई बसत, मामा."

मामांनी डोक्यावरचा पटका काढून तोंड पुसलं.

छबुबाईंनी ऊस घातला. कांडं अडलं, त्यांनी सवयीने हात आत घातला, खांदा ट्रेला टेकला, बोटं आतच राहिली, रोलरपासून दूर. त्यांनी हात बाहेर काढला, उलटासुलटा करून बघितला आणि शेजारणीला म्हणाल्या, "आता दांडकंच घ्यावं लागतंय, मेला पोचत न्हाई हात." तक्रारीच्या सुरात म्हणाल्या. एवढं गोड गाऱ्हाणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. तिथेच, सगळ्यांपुढे, माझे डोळे भरले.

सुंदररावांनी सांगून टाकलं, आष्टीचं काम आष्टीलाच. पुढच्या मशीनचे ट्रेही मामाच करणार.

निघताना मामांना नमस्कार करायला लिंबाखाली गेले. पाय धरले तर दचकले, "कोन हाय?" म्हणाले. मी नाव सांगितल्यावर माझा हात चाचपून हातात घेतला आणि सोडेनात. म्हणाले, "लेकी, तुजा भाग मला अंधारात बी वळखू येतो. आता मी चुकनार न्हाई."

एवढा हटेल माणूस, पण बदलातलं मर्म कसं नेमकं ओळखलं. आष्टीला लाईटचे फारच हाल दिसताहेत. पुढच्या बैठकीत त्यांच्या शेडला इन्व्हर्टर बसवायचा विषय मीच मांडणार आहे.